पहिला विडा

मालोजीरावांनी विडा उचलला नाही.

ते तबकासमोर मांडी घालून बसले होते. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, नजर समोरच्या तलवारीवर. तलवारीला झेंडूचा हार घातला होता. दाराबाहेर उभ्या असलेल्या तुंगाच्या मोपेडलाही तसाच हार होता, चाकांखाली लिंबं होती. घोडदळात वाढलेल्या ह्या घराण्यात खंडेनवमीला पुजण्यासारखं वाहन आता तेवढं एकच उरलं होतं. कोहळा फोडून झाला होता, आरती झाली होती, आणि स्वयंपाकघरातून मटणाच्या सारूचा वास सोप्यापर्यंत येऊन सगळ्यांची परीक्षा बघत होता.

"दादा, उचल की," शंभूराव म्हणाले. हिनकलहून सकाळीच आलेले धाकटे भाऊ भुकेच्या बाबतीत हळवे होते.

"तू उचल."

"आधी थोरल्यानं, मग बाकीच्यांनी. हे मी तुला शिकवू?"

"मग बसून राहा."

तुंगा भिंतीला टेकून उभी होती. तिने आजोबांकडे पाहिलं, मग तबकाकडे. चांदीच्या तबकात आईने सकाळी केलेले विडे ओळीने मांडले होते, प्रत्येकाला लवंग टोचलेली. जुन्या काळी मोहिमेवर निघायच्या आधी तबक असंच मांडत. ज्याने तलवारीसमोर विडा उचलून खाल्ला, त्याला शब्दातून मागे फिरता येत नसे. मोहिमा संपल्या, संस्थान गेलं, तरी तबक राहिलं. आता खंडेनवमीला घरातला एकेक पुरुष विडा उचलायचा आणि पुढच्या वर्षात काय सोडणार किंवा काय धरणार ते मोठ्याने सांगायचा. गेल्या वर्षी तुंगाच्या वडिलांनी, म्हणजे वेंकटेशने, ऑफिसचा राग घरी आणणार नाही असं सांगितलं होतं. ते साधारण कार्तिकापर्यंत टिकलं.

मालोजीराव मात्र कित्येक वर्षं एकच वाक्य बोलत आले होते. कड्डीपुडी सोडली. तंबाखूच्या देठांचा तो तपकिरी भुगा जेवणानंतरच्या पानात त्यांना लागायचाच. आणि दरवर्षी दिवाळीच्या आत ते वाक्य मोडायचं.

"अप्पा," वेंकटेश म्हणाला. त्याचा आवाज अजून शांत होता, पण शांत ठेवलेला आहे हे कळत होतं. "डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही ऐकलंत. ह्या वेळी तुकडा तपासला, त्यात वाईट काही निघालं नाही. पण दिवाळीनंतर परत दाखवायचंय. गालातला पांढरा डाग वाढला असेल तर तेवढा भाग कापतील. मग नीट बोलता येईल याची खात्री नाही."

"ऐकलं."

"मग शब्द द्या."

"दिला होता. गेल्या साली दिला, त्याच्या आधी दिला." मालोजीरावांनी डाव्या गालावरून जीभ आतून फिरवली. डाग सापडल्यापासून ते असं करत. "तलवारीसमोर खोटं बोलायचं ते किती वर्षं बोलायचं? या साली नाही बोलत. एवढंच."

मग गोदावरीबाई म्हणाल्या, "इरली बिडु, राहू दे त्याला. या वयात काय सोडायचं आणि कशासाठी?" त्या मालोजीरावांच्या धाकट्या बहीण. दसऱ्यासाठी नंजनगूडहून आलेल्या, आणि त्यांच्या कमरेच्या चंचीतही कड्डीपुडीची पुडी होती हे सगळ्यांना माहीत होतं.

"आत्या, तुम्ही मध्ये बोलू नका," वेंकटेश म्हणाला.

"का नको? मी पण खाते. मी मेले काय?"

"तुझ्या तोंडात डाग नाही, गोदी," शंभूराव म्हणाले. "आणि दादा, एक सांगतो. मी दारू सोडली ती ह्याच तबकावर. ह्याच जागी बसून. मनात आणलं की होतं."

"तुझं मन मोठं," मालोजीराव म्हणाले.

"तसं नव्हे रे."

"तसंच म्हणालास."

हे आता भांडणाकडे चाललंय, तुंगाला दिसलं. अण्णा, म्हणजे तिचे वडील, आणि धाकटे आजोबा चिक्कताता एका बाजूला, आत्याआजी दुसऱ्या, आई दाराच्या चौकटीत पदराला हात पुसत उभी, कुणाच्याच बाजूला नाही. पण भांडणापेक्षा तिला दुसरीच गोष्ट टोचत होती. विद्यापीठाच्या गंगोत्री कॅम्पसवर, ती एमएस्सी करत होती त्या प्राणिशास्त्र विभागात काचेची एक टाकी होती. शिपायाच्या चपलांचा आवाज आला की टाकीतले मासे वर यायचे. त्याच्या हातात खाद्य असो की नसो. तिला पहिल्यांदा ते गंमतीचं वाटलं, मग विचित्र वाटलं, आणि हल्ली घरी बसल्याबसल्याही ती लोकांच्या हातांकडे बघू लागली होती.

"ताता," ती म्हणाली, "एक विचारू? तुम्हाला कड्डीपुडी आठवते ती विडा खायच्या आधी, की विडा तोंडात गेल्यावर?"

वेंकटेशने वळून पाहिलं. "हे काय आता?"

"थांब," मालोजीराव म्हणाले. प्रश्न कामाचा आहे असं वाटलं की त्यांची मान किंचित तिरकी व्हायची. त्यांनी ती तशी केली आणि खरोखर विचार केला. "आधी नाही. विडा तोंडात गेला, दोनदा चावला, की मग. पानाबरोबर ती नसली की तोंड अर्धंच भरल्यासारखं वाटतं."

"आणि शपथ घेतल्यावर काय करता?"

"काय करता म्हणजे? विडा खातो. इथेच..."

ते थांबले. शंभूरावांनी तबकाकडे पाहिलं आणि मग छताकडे.

"म्हणजे," गोदावरीबाई सावकाश म्हणाल्या, "कड्डीपुडी सोडतो म्हणून सांगायचं, आणि सांगताना तोंडात पानच घालायचं."

"अय्यो," गोदावरीबाईंना स्वतःलाच हसू आलं. "इतकी वर्षं कुणाच्या डोक्यात आलं नाही?"

"शपथ ही शपथ असते," शंभूराव घाईने म्हणाले. "त्यात पानाचं काय. मी नाही सोडली?"

"चिक्कताता, तुम्ही सोडल्यावर त्या दुकानाकडून जायचा का?" तुंगाने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि तिच्या आवाजात तेवढंच होतं. म्हणून शंभूरावांना चिडता आलं नाही.

"त्या दुकानाकडून कशाला जाऊ? हिनकलला राहायला गेलो की आम्ही. त्याच दिवाळीला घर बदललं. कामावरून बस थेट तिकडे."

"आणि बरोबर प्यायला बसायचे ते?"

"ते इकडेच राहिले. तिकडे हुणसूर रोडवर तेव्हा कोण येणार? कुत्रं नव्हतं तिथे."

बोलून झाल्यावर शंभूरावांच्या लक्षात आलं की आपण आपल्याच मोठेपणातला एक तुकडा काढून नातीच्या हातात दिला. "तरी पण मन लागतं," ते पुटपुटले.

"लागतंच," तुंगा म्हणाली. "मी कुठे नाही म्हणते?"

मालोजीराव हसले. मोठ्याने नाही, नाकातून. "पोरीनं त्या दिवशी पण बघितलं होतं. चुन्याचं."

"कसल्या चुन्याचं?" गोदावरीबाईंनी विचारलं.

सांगायला ते स्वतःच तयार झाले, म्हणून वेंकटेशचा चेहराही थोडा सैल झाला. नवरात्राआधी घराला सफेदी दिली. सोप्यातल्या कोनाड्यात पानाचा डबा असायचा. तुंगाच्या आईने, भवानीबाईंनी, तो उचलून आत ठेवला आणि कोनाडा आतून रंगवून घेतला. जेवण झाल्यावर मालोजीराव रोजच्यासारखे उठले, कोनाड्याशी गेले, हात आत घातला, बोटानं चुना घेतला आणि तोंडाकडे नेला. चुना होता तो भिंतीचा. ओला.

"यप्पा, खाल्लास?"

"वासानं कळलं. पण खरं सांगू गोदी, हात गेला, बोट गेलं, तेव्हा मी दुसऱ्याच विचारात होतो. मला पान पाहिजे असं मला वाटलंसुद्धा नव्हतं. हातालाच पाहिजे होतं."

तुंगाला त्या दुपारपासून हेच विचारायचं होतं. तिने ते विचारलं. "ताता, घोड्याला अशी खोड लागली तर तुम्ही काय करायचात?"

माउंटेड पोलिसांत मालोजीरावांनी उमेदीची सगळी वर्षं घोडे आणि रंगरूट शिकवण्यात घालवली होती. घरात त्या दिवसांच्या गोष्टी इतक्या वेळा झाल्या होत्या की कुणी आता विचारत नसे. विचारल्यामुळे त्यांना सांगायला वेळ लागला.

"मल्लिगे म्हणून एक घोडी होती. पांढरी, नावासारखी. लाकूड धरून हवा गिळायची. गव्हाणीची कड दातांत पकडायची, मान ताणायची आणि घुटकन आवाज काढायची. दिवसभर. दात झिजले, पोट फुगायचं. कुणी लाकडाला मिरची लावली. कुणी गळ्यात पट्टा आवळला. पट्टा होता तोवर थांबली, काढला की दुप्पट."

"शपथ घातली नाही कुणी?" गोदावरीबाईंनी विचारलं.

"तिला तबक कोण दाखवणार?" मालोजीराव म्हणाले, आणि या वेळी वेंकटेशही हसला. "मी चार दिवस तिथे स्टूल टाकून बसलो. बघितलं. दाणा खाऊन झाला आणि बाहेर काढायला अजून वेळ आहे, त्या मधल्या वेळातच धरायची. भूक नाही, काम नाही, उभी. मग त्या वेळेला मी तिला उभीच ठेवली नाही. नवे रंगरूट असायचे, त्यांना दुडकी शिकवायला तिलाच काढायचो. दाणा झाला की मैदान."

"आणि सुटली खोड?"

"सुटली असं म्हणवत नाही. जुन्या ठाणावर नेऊन बांधली की परत धरायची. म्हणून बांधलीच नाही."

वेंकटेशने मांडीवर हात आपटला. त्याला उत्तर सापडलं होतं आणि उत्तर सापडलं की त्याला दम निघत नसे. "मग झालं तर. ठाण मोडायचं. आजचं तबक शेवटचं. उद्यापासून घरात पान नाही, डबा नाही, अडकित्ता नाही. काय काका?"

"मला पटतं," शंभूराव म्हणाले. आपल्या हिनकलची बाजू जिंकत असल्यासारखं त्यांना वाटत होतं.

"आत्या?"

गोदावरीबाईंनी भावाच्या डाव्या गालाकडे पाहिलं. मग चंचीतून पुडी काढली आणि वेंकटेशच्या हातावर ठेवली. "इथे आहे तोवर मी पण खाणार नाही. नंजनगूडला गेल्यावर माझं मी बघीन. तिथे मला उपदेश करायला येऊ नकोस."

सगळं मिनिटभरात ठरलं. इतक्या वर्षांत न झालेलं एकमत झालं, आणि तेवढ्यात दारातून भवानीबाई म्हणाल्या, "मग मी काय करू?"

"तू काय करायचंय?" वेंकटेश म्हणाला. "एक काम कमी झालं. जेवण झालं की जरा पड."

"मला दुपारी पडायला येत नाही."

त्यांनी ते रागाने म्हटलं नाही. जसं एखाद्याने पोहायला येत नाही म्हणावं तसं म्हटलं. पण तुंगाने आईच्या हातांकडे पाहिलं. आईच्या उजव्या अंगठ्याच्या नखाला चुन्याची पांढरी कड होती. ती कायम असायची. इतकी कायम की तुंगाने तिच्याकडे कधी बघितलंच नव्हतं.

तलकाडहून लग्न होऊन आली तेव्हा आईला मराठी धड येत नव्हती, कन्नडच जास्त. हे तिने तुंगाला एकदा वाळवण करताना सांगितलं होतं. सारू खारट व्हायचा, पोळी जाड व्हायची, सासू बोलायची आणि नवरा पेपरात असायचा. पान तेवढं तिला येत होतं. नदीकाठी त्यांच्या घरी पानाचा मळा होता. तिने पहिला विडा केला, मामंजींनी खाल्ला आणि म्हणाले, "हं. बरोबर आहे." त्या दिवसापासून आजपर्यंत, रोज दुपारी, जेवणानंतर, मामंजी विडा खायचे आणि म्हणायचे, हं, बरोबर आहे. सासरे आणि सून यांच्यात दिवसभरात तेवढंच बोलणं व्हायचं. पण ते रोज व्हायचं.

तुंगाने आजवर एकाच हाताचं निरीक्षण केलं होतं. कोनाड्याकडे जाणाऱ्या हाताचं. डबा भरून कोनाड्यात ठेवणारा हात तिने हिशेबात धरलाच नव्हता.

"आई," तिने विचारलं, "त्या दिवशी काय झालं होतं? मी तुला मोपेड शिकवायला नेलं त्या दिवशी?"

"पडले. मेंदीच्या कुंपणात. विसरलीस?"

"त्याच्या नंतर."

भवानीबाईंनी सासऱ्यांकडे पाहिलं आणि पदर डोक्यावर नीट केला. "त्या दिवशी मामंजींनी पान मागितलंच नाही. मी पण गडबडीत दिलं नाही. संध्याकाळी लक्षात आलं तेव्हा मला रडायला आलं. इतक्या वर्षांत कधी चुकलं नव्हतं."

"मागितलं नाही?" वेंकटेशने वडिलांना विचारलं.

मालोजीरावांना आठवत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग आठवलं. "मी मागच्या पायरीवर होतो. ही तुंगा शिकवत होती. काय शिकवत होती देव जाणे. इंधन, ब्रेक, गती. आणि भवानी चाकाकडे बघत होती. जिकडे बघशील तिकडे वाहन जातं, घोडा असो नाही तर हे. मी तिथून ओरडत होतो, डोळे वर, डोळे वर. कुणी ऐकलं नाही."

"मी ऐकलं," भवानीबाई म्हणाल्या. "म्हणूनच तुमच्याकडे बघितलं. म्हणून पडले."

गोदावरीबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

"ताता, ओरडत होतात तेव्हा तोंडात पान नव्हतं?" तुंगाने विचारलं.

"शिकवताना? भरल्या तोंडानं हुकूम देता येतो का कधी? सगळ्या नोकरीत मैदानावर मी एकदा पान खाल्लं नाही. तोंड रिकामंच लागतं."

हे वाक्य सोप्यात तसंच राहिलं. कुणी ते उचललं नाही, कारण आपण काही मोठं बोललो असं मालोजीरावांना वाटलेलं नव्हतं. पण त्यांची मान पुन्हा तिरकी झाली. त्यांनी सुनेकडे पाहिलं, रोज पाहायचे तसं नाही. रंगरुटाची उंची, खांदे, मनगटं पाहावीत तसं.

"तुला खरंच शिकायचंय?"

"ह्या वयात पडली तर हाड मोडेल," वेंकटेश म्हणाला.

"तुला विचारलं नाही."

भवानीबाईंनी दाराबाहेरच्या मोपेडकडे पाहिलं. रोज सकाळी मोपेड त्याच पुसत, ते काम तुंगाने त्यांना कधी सांगितलेलं नव्हतं. कुणी नसताना एकदा स्टँडवर चढवलेल्या मोपेडवर त्या बसल्या होत्या, हँडल धरून, बराच वेळ. ते तुंगाने खिडकीतून पाहिलं होतं.

"हौदु, शिकायचंय," त्या म्हणाल्या.

मालोजीरावांनी तबकावर हात नेला आणि पहिला विडा उचलला. शंभूरावांनी सुटकेचा श्वास टाकला. पण विडा तोंडाकडे गेला नाही. मालोजीरावांनी हात लांब करून तो सुनेपुढे धरला.

"घे. या साली आधी तू."

"दादा, बायकांनी कधी..." शंभूराव म्हणाले.

"का रे?" गोदावरीबाईंनी विचारलं. "पान पुसायचं तिनं, चुना लावायचा तिनं, घडी घालायची तिनं. आणि खायचे तुम्ही, आणि शब्द मोडायचे पण तुम्ही. एकदा तिला खाऊ दे. बघू तरी काय होतंय."

"पण थोरल्यानं आधी..."

"शंभू, सारू निवतोय."

शंभूरावांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

भवानीबाई पुढे आल्या. आजवर त्यांनी हे तबक भरून आणलं होतं, समोर कधी बसल्या नव्हत्या. कुठे बसायचं तेही त्यांना कळेना. तुंगाने पाट सरकवला. त्यांनी विडा खाल्ला, तलवारीकडे पाहिलं, आणि सगळे वाट बघत असताना भरल्या तोंडाने काहीतरी म्हणाल्या. विडा गिळून त्यांनी परत सांगितलं. "शिकेन."

"आणि तुम्ही, अप्पा?" वेंकटेशने विचारलं.

"मी काही सांगणार नाही. नवमीला वाहन हलवायचं नाही, म्हणून आज नाही. आज जेवल्यावर मी पान खाणार, कड्डीपुडीसकट. सांगून ठेवतो. उद्या जेवण झालं की मी मागच्या मैदानावर जाईन. परवाचं परवा बघू."

"ही काय शपथ झाली?"

"शपथ नाहीच आहे," मालोजीराव म्हणाले. "वाढा आता."

*

दशमीला दुपारी घर रिकामं झालं. वेंकटेश काकांना आणि आत्याला घेऊन जंबूसवारी, दसऱ्याची हत्तीची मिरवणूक, बघायला गेला. अख्खं मैसूर त्या एका रस्त्याकडे धावत होतं. मालोजीराव जात नसत. निवृत्त झाल्यावर एकदा गेले होते. आपण ज्यांना शिकवलं ती पोरं घोड्यांवर पुढून जाताना पाहून परत आले ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

तुंगा थांबली होती. अभ्यास आहे असं तिने सांगितलं होतं, ते निम्मं खरं होतं.

जेवण झालं. विडा नव्हता. मालोजीराव हात धुऊन आले आणि पाटावर परत बसले, मग बसून काय करायचं ते न कळून उठले. स्वयंपाकघरात भवानीबाईंनी ताट उचललं, ठेवलं, परत उचललं. दोघांनाही ती वेळ कशी ओलांडायची ते ठाऊक नव्हतं. तुंगाला वाटलं, आपण काहीतरी बोलायला हवं. पण टाकीतल्या माशांशी कुणी बोलत नाही. ती उंबऱ्याशी पुस्तक घेऊन बसली आणि पान न उलटता बघत राहिली.

मालोजीराव सोप्यात आले. तीन पावलं टाकली आणि उजवा हात आपोआप कोनाड्यात गेला.

हात आत थांबला. मग बाहेर आला. बोटांत मोपेडची किल्ली होती.

त्यांनी ती वळवून पाहिली. तुंगाने मान हलवली. मी नाही ठेवली. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद झाला होता.

"भवानी," मालोजीरावांनी हाक मारली.

"आले," आतून लगेच आवाज आला. इतका लगेच, की ती तिथेच दाराआड उभी असणार.

घरामागच्या मोकळ्या जागेत एके काळी पागेचे घोडे फिरवायला आणत. आता तिथे मुलं क्रिकेट खेळायची, पण आज मुलंही सवारीला गेली होती. मालोजीराव मधोमध उभे राहिले. घोडा लांब दोरीवर गोल फिरवणारा मास्तर जसा उभा राहतो तसे, पाय किंचित फाकवून, आणि मोपेड चालू झाली तसे जागच्या जागी तिच्याबरोबर वळू लागले. भवानीबाईंनी साडी घोट्यावर खोचली होती. पहिल्या फेरीत त्यांचे दोन्ही पाय जमिनीवरून घासत होते.

"पाय वर. चूक. परत."

दुसऱ्या फेरीत पाय वर होते, पण नजर चाकावर होती.

"डोळे कुठे? झाडाकडे बघ. त्या झाडाकडे. चूक. परत."

तुंगा पायरीवर बसली होती. आईला इतक्या वेळा चूक म्हटलेलं तिने कधी ऐकलं नव्हतं. आता आई रागावेल, किंवा रडेल, किंवा मोपेड स्टँडवर लावून आत निघून जाईल. पण आईच्या चेहऱ्यावर ते काही नव्हतं. मान पुढे काढून, ओठ घट्ट मिटून ती प्रत्येक हुकूम ऐकत होती. घरात इतक्या वर्षांत तिच्याशी कुणी इतकं बोललंच नव्हतं.

लांबून तोफेचा आवाज आला. सवारी निघाली असावी. त्या आवाजाने मालोजीरावांचं लक्ष क्षणभर गेलं. ते वळायचे थांबले, आणि त्यांचा हात हळूच कमरेकडे सरकला. तिथे धोतराच्या गाठीपाशी पुडी असायची. आज होती की नाही ते तुंगाला माहीत नव्हतं. संध्याकाळच्या पानाचं काय, उद्या पाऊस आला तर काय, आई एकदा शिकून मोकळी झाली की मग काय, हेही तिला माहीत नव्हतं. बोटं गाठीवर टेकली. ती पायरीवरून पुढे झुकली.

त्याच वेळी मोपेड वळणावर रुंद गेली, पार कुंपणाच्या दिशेने.

"डोळे वर!" मालोजीराव गरजले. मैदानाच्या त्या टोकापर्यंत पोचला असा तो आवाज होता. कमरेवरचा हात वर आला होता, पंजा उघडा, बोटं ताठ. भवानीबाईंनी कुंपणावरून नजर उचलून झाडावर नेली. मोपेड डगमगली, सावरली आणि गोलाकडे परत आली. त्यांच्यासमोर येऊन त्यांनी ब्रेक दाबला आणि दोन्ही पाय टेकले. धापा टाकत त्या सासऱ्यांकडे पाहत राहिल्या. काय ऐकायला मिळेल याची वाट बघत.

मालोजीरावांनी हात खाली घेतला. मोपेडभोवती एक चक्कर मारली. टायर कुठे वळला, पाय कुठे टेकला, सगळं पाहिलं.

"चूक," ते म्हणाले. "परत."

भवानीबाई हसल्या आणि मोपेड वळवली.